सपाट रेषा

केतकीचा चष्मा घरी आला त्या दिवशी पहिली मोठी शंका नोंदली गेली ती माझ्यावर.

यंत्राला आधी माणूस शिकवावा लागतो, म्हणून चष्मा पहिले काही दिवस घरी वापरायचा होता. तो केतकीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, नाकावर होता, दांड्यांना कानामागे दोन थंड पट्ट्या होत्या आणि टेबलावर छोटा पडदा. घरच्या माणसाने वाक्यं वाचायची आणि तिने नुसतं ऐकायचं, अशी सूचना होती. मी वाचलं, "सांगली कृष्णेच्या काठी आहे." पडद्यावरची हिरवी रेषा सरळ गेली. "मिरजेला समुद्र आहे." रेषेने टुणकन उडी मारली.

मग घरच्या माणसाने स्वतःबद्दलची वाक्यं सांगायची होती. मी म्हणालो, "धनंजय माझा सगळ्यात जुना मित्र आहे." रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ. "येत्या रविवारी मी बाथरूमचा नळ नक्की दुरुस्त करतो." रेषा मिरजेच्या समुद्राच्याही वर गेली.

"यंत्र चांगलं आहे," केतकी म्हणाली.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलेलं असल्यामुळे सगळे मला सर म्हणतात, आणि केतकीही म्हणते, पण तिच्या 'सर'मध्ये आदर कमी आणि चिमटा जास्त असतो. ती एका सहकारी बँकेत कर्ज विभागाची प्रमुख आहे. बँकेचं नाव सांगत नाही. गावात सगळ्यांना ते माहीतच आहे आणि बाहेरच्यांना कळून काही उपयोग नाही.

हा चष्मा का आला ते सांगायला हवं. पूर्वी बँक बुडाली की ठेवीदार दारात रांग लावायचे आणि डोळे झाकून कर्ज वाटणारे साहेब निवृत्त होऊन नातवंडांना बागेत फिरवायचे. केतकीचे वडील साखर कारखान्यातून निवृत्त झाले, फंडाची सगळी रक्कम त्यांनी एका बँकेत ठेवली आणि ती बँक बसली. पुढे कितीतरी वर्षं ते स्वतःचेच पैसे थोडे थोडे मागायला उन्हात उभे राहत. केतकी तेव्हा कॉलेजात होती, ती त्यांच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन जायची. ती बँकेत गेली ती त्या रांगेमुळे, असं ती एकदाच म्हणाली होती.

सरकारने आधी सरळ कायदा केला. कर्ज बुडालं की सही करणाऱ्याने भरायचं. परिणाम असा झाला की कोणी सहीच करेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, इथे लोकांनी ताक पिणंच सोडलं. वर्षभर गावात पिठाच्या गिरणीलासुद्धा कर्ज मिळालं नाही. धंदा म्हटला की काही कर्जं बुडणारच. प्रामाणिकपणे चुकलेला माणूस आणि कळूनसवरून सही करणारा माणूस यांना वेगळं काढायचं कसं, हा खरा प्रश्न होता. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं हे कोण सांगणार?

इथे मेंदूवाले मदतीला आले. आपण वाचतो किंवा ऐकतो तेव्हा मन गप्प बसलेलं नसतं, पुढे काय येणार याचा ते सतत अंदाज बांधत असतं. येणारी गोष्ट अंदाजात बसली नाही की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेची एक बारीकशी लाट उठते आणि डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. हे आपल्याला कळायच्या आधी होतं, म्हणून लपवता येत नाही. प्रयोगशाळांना हे फार वर्षांपासून माहीत होतं. नवं एवढंच, की ती लाट मोजणारी यंत्रणा चष्म्याच्या दांडीत मावली, आणि नुसतं आश्चर्य कुठलं नि शंका कुठली हे एकेका माणसापुरतं ओळखायला संगणक शिकला.

कायदा मग बदलला. कर्जाची फाइल वाचताना अधिकाऱ्याने चष्मा घालायचा. त्याची रेषा मोहोरबंद होऊन जपली जाणार. जिथे शंका उठली तिथे त्याने ती लिहायची, कर्जदाराकडून उत्तर घ्यायचं आणि मगच सही करायची. पुढे कर्ज बुडालं तर मोहोर फुटणार. शंका आली होती, गिळली आणि सही केली, असं दिसलं तर अधिकाऱ्याचा फंड, ग्रॅच्युइटी, वेळ पडली तर राहतं घरही जाणार. शंकाच आली नव्हती तर तो प्रामाणिक चुकला, त्याच्या केसालाही धक्का नाही.

कायदा लागू झाला त्या संध्याकाळी केतकीने वडिलांच्या फोटोसमोर पेढे ठेवले होते.

पण माणूस मोठा हुशार प्राणी आहे. शंकेचं उत्तर शोधण्यापेक्षा शंका न येणं स्वस्त पडतं, हे बँकांच्या लौकरच लक्षात आलं. ज्यांच्या रेषा सपाट येतात अशा अधिकाऱ्यांना भाव आला. आमची केतकी तर जन्माची शंकेखोर. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारी बाई ती. तिची रेषा म्हणजे नुसता घाटरस्ता. प्रत्येक चढाला एक टिपण, प्रत्येक टिपणाला कर्जदाराचा खुलासा, आणि टेबलावर फाइलींची चवड.

"मॅडम, तुमच्याकडे घाट फार लागतात हो," बँकेचे व्यवस्थापकीय संचालक मगदूमसाहेब तिला म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांची जागा पुढच्या वर्षी रिकामी होणार होती आणि ज्येष्ठतेने ती केतकीला मिळायला हवी होती, म्हणून ते जरा सांभाळून बोलायचे. "जरा सपाटीवरनं चालवा की गाडी."

आता धनंजय. धनू आरवाडे आणि मी पाचवीपासून एका बाकावरचे. मी पुस्तकात राहिलो आणि धनू बेदाण्यात शिरला. आधी सौद्यात दलाली केली, मग तासगाव रस्त्याला स्वतःचं कोल्ड स्टोअरेज उभं केलं. माझे वडील गेले तेव्हा मी पुण्यात परीक्षेत अडकलो होतो. खांदा द्यायला माझ्या जागी धनू उभा राहिला. दर गुरुवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. येताना बेदाण्याची पुडी, आणि तोंडाची टकळी जाता जाता दारातही सुरूच.

एप्रिलपासून त्या टकळीत एक विषय वाढला होता. "वहिनी, चार नंबरचं चेंबर गच्च भरलंय बघा. बावीस हजार बॉक्स. सगळा माल आपला, सोनं हाय सोनं." भाकरी मोडता मोडता बावीस हजार, ताक पिता पिता बावीस हजार. मी चेष्टाही करायचो, की धनू, पोराचं नाव विसरशील पण बॉक्स विसरणार नाहीस.

त्याने त्याच मालावर आठ कोटींचं कर्ज मागितलं. केतकीने ओळख आहे म्हणून लेखी कळवलं आणि फाइल दुसऱ्याकडे द्या म्हणाली. मगदूमसाहेब हसले. "मॅडम, सांगलीत ओळख नसलेला कर्जदार आणायचा कुठनं? तुमच्यासारखं कडक कोण बघणार? तुम्हीच बघा."

तिने फाइल वाचली त्या दिवशी ती घरी आली, चप्पल काढली आणि तशीच खुर्चीत बसली.

"सर, आज माझी रेषा सपाट आली."

"काय सांगतेस!" मला खरंच आनंद झाला. धनूचं काम होणार, मगदूमसाहेब खूश होणार, नळ मी दुरुस्त केला नव्हता तेही झाकलं जाणार. "शिरा करू का?"

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही टेकाड नाही. यंत्राने लिहिलंय, शंका शून्य, सहीस हरकत नाही." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी उद्या सही केली आणि कर्ज बुडालं, तर मला कोणी बोट लावू शकत नाही."

"मग वाईट काय त्यात?"

"मला आमच्या आईच्या हिशेबावरपण शंका येते. आठ कोटींच्या फाइलवर एकदाही येत नाही? मी वाचतच नव्हते हो. पुढचा आकडा कुठला ते मला पान उलटायच्या आधी ठाऊक असायचं."

आता मला शिक्षकी कुतूहल आवरेना. तिचा चष्मा सरावासाठी अजून घरी जोडता येत होता. मी म्हटलं, करून बघू. तिने चष्मा चढवला आणि मी म्हणालो, "मिरजेला समुद्र आहे." रेषा उडाली. मी पुन्हा म्हणालो. उडाली, पण जरा कमी. मी म्हणत राहिलो. आधी ती हसत होती, मग कंटाळली, मग खिडकीबाहेर बघू लागली. थोड्या वेळाने मी म्हणालो, "मिरजेला समुद्र आहे," आणि रेषा कृष्णेच्या काठासारखी शांत राहिली.

"तुला पटलं की काय?" मी विचारलं.

"पटलं कुठं? मिरजेत पाण्याचा टँकर येतो. पण टोचेना झालं."

मी उत्साहाने तिला समजावू लागलो. मन अंदाज बांधतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती त्या अंदाजात जाऊन बसते. मग ती खरी असो की खोटी, लाट उठायला कारणच उरत नाही. यंत्र खोटं ओळखत नाही, ते फक्त अनोळखी ओळखतं. एवढं बोलून मी पडद्यावरची रेषा बोटाने दाखवत होतो, आणि केतकी माझ्याकडे बघत होती.

"धनंजयभाऊजी या टेबलावर बसून बावीस हजार बॉक्स किती वेळा म्हणाले असतील?" तिने विचारलं.

मला राग आला. खरं सांगायचं तर फार राग आला. मी म्हणालो की तो बडबड्या आहे, शाळेत असल्यापासून तसाच आहे. तुझ्या यंत्राने आता जेवणाच्या पंगतीतही चोर शोधायला सुरुवात केली का. ती शांतपणे ऐकून घेत होती.

"मलापण ते बडबडेच वाटतात," ती म्हणाली. "चोर असते तर मला शंका आली असती, असंही वाटतं. आणि मला शंका येतच नाहीये. मी करू काय सांगा. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. हो म्हणायला यंत्राची परवानगी आहे. पैसे मात्र ज्यांचे आहेत, ते उद्या माझ्या आप्पांसारखे रांगेत उभे राहतील."

मग मला एक गोष्ट सुचली. धनू खरा आहे हे सिद्ध करायला सुचली, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. फाइलीत लिहिलं होतं की माल एप्रिलपासून चार नंबरमध्ये आहे, आणि आता सप्टेंबर चालला होता. चेंबर चार अंशावर असतं. बेदाण्यातून उष्णता फार हळू सरकते. बॉक्सांची भक्कम थप्पी लावली तर बाहेरचे बॉक्स लगेच गार होतात, पण थप्पीच्या पोटातला माल गार व्हायला आठवड्यांवर आठवडे जातात. एप्रिलपासूनचा माल असेल तर तो पोटातही गार असणारच. "थप्पीच्या मधला बॉक्स काढायला लाव, त्यात थर्मामीटर खुपस," मी म्हणालो, "आणि मग निवांत सही कर." प्रयोगशाळेतला लांब सळईचा थर्मामीटर मीच तिला आणून दिला.

पाहणीच्या दिवशी बँकेचा ड्रायव्हर सुट्टीवर होता, म्हणून तिला मी सोडलं. मी गाडीतच बसणार होतो. धनूने बघितलं आणि दारच उघडलं.

"सर, बाहेर काय बसलायस परक्यागत? ये की आत. थंडी बघून घे जरा." त्याने स्वतःच्या हाताने मला जाड कोट चढवला, वरचं बटण लावलं.

चार नंबरचं चेंबर खरंच गच्च भरलेलं होतं. छतापर्यंत थप्प्या, प्रत्येक बॉक्सावर चिठ्ठी. केतकीने चष्मा घातला होता. तिने चार-पाच ठिकाणचे बॉक्स उघडून पाहिले, सोनेरी हिरवा बेदाणा, एक नंबर माल. धनू बोलत होता आणि तोंडातून वाफा निघत होत्या. मला हायसं वाटलं. मग केतकी हमालांना म्हणाली, "ही मधली थप्पी उतरवा. पोटातला बॉक्स पाहिजे मला."

हमालांनी धनूकडे बघितलं. धनू म्हणाला, "उतरवा की. वहिनी म्हणत्यात तर उतरवा." पण तिने पर्समधून सळई काढली तेव्हा त्याचं बोलणं थांबलं. आयुष्य गारव्याच्या धंद्यात गेलेला माणूस तो. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

सळई आत गेली. आकडा स्थिरावायला वेळ लागत होता. तो एकोणीसवर थांबला. बाहेरच्या ओळीतल्या बॉक्समध्ये तिने सळई घातली, पाच. दुसऱ्या थप्पीच्या पोटात वीस.

"लाइट गेली होती वहिनी," धनू घाईने म्हणाला. "परवा मशीन बंद होतं. त्यात तापला असंल माल."

केतकीने थर्मामीटर पुसला. मग ती माझ्याकडे वळली. "सर, मशीन बंद पडलं तर आधी काय तापतं? बाहेरचा माल की आतला?"

धनू माझ्याकडे बघत होता. माझ्या कोटाचं त्याने लावलेलं वरचं बटण गळ्याला काचत होतं. अकरावीच्या पोरालाही उत्तर येईल असा प्रश्न. 'सांगता येणार नाही' एवढं मी म्हटलं असतं तरी केतकीला पुढे रेटायला काही उरलं नसतं, आणि सहीला यंत्राची परवानगी होतीच.

"बाहेरचा," मी म्हणालो. "आतला शेवटी तापतो. इथे उलटं आहे. हा माल आत येऊन आठवडाही झाला नसेल."

हमालांनी बॉक्स परत रचायला सुरुवात केली. धनू जवळच्या बॉक्सावर बसला आणि बेदाण्याची मूठ भरून नुसती बघत राहिला.

पुढचं सगळं चौकशीत बाहेर आलं. माल धनूचा नव्हता. ज्यांनी ठेवायला दिला होता त्यांचा होता, आणि तोच माल आदल्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या गोदामात दुसऱ्या बँकेला दाखवून झाला होता. धनूने धंद्यात दोन वर्षं मार खाल्ला होता, मला कधी बोलला नाही. आणि पुण्यात काही सल्लागार मंडळी हा उद्योगच करत होती. कर्जदाराने फाइल द्यायच्या कितीतरी महिने आधीपासून साहेबाच्या कानावर आकडे घालत राहायचे. त्यांच्या बोलीत त्याला 'साहेब मुरवणं' म्हणत. लोणच्यासारखं. धनूने त्यांना फी भरली होती, पावतीसुद्धा सापडली.

केतकीने फाइलवर लिहिलं, "मला या प्रकरणात शंका आली नाही, हीच माझी हरकत आहे. हे आकडे माझ्या घरात मुरले आहेत." मगदूमसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, याला कायद्यात रकानाच नाही. त्यांची जागा पुढे एका सपाट रेषेवाल्या माणसाला मिळाली. केतकीला वाईट वाटलं, चार दिवस ती नीट जेवली नाही. पण त्याच सुमारास त्या दुसऱ्या बँकेत धनूचं कर्ज बुडालं, मोहोर फुटली, आणि सही करणाऱ्याची रेषा आरशासारखी निघाली. तो सुटला, ठेवीदार अडकले. त्यानंतर कायद्यात रकाना आला. शंका न आल्यास का आली नाही, हे अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि त्या लिहिण्याला त्याचं घर-दार बांधील. केतकी म्हणते, इतकं सगळं यंत्र बनवून शेवटी माणसाला स्वतःलाच विचारायची पाळी आली.

धनू आता विट्याला मेहुण्याच्या दुकानात बसतो. गुरुवारी आम्ही दोघंच जेवतो. एकदा मी त्याला फोन लावला होता, त्याने उचलला, आणि आम्ही दोघंही हवापाण्याबद्दल बोललो. मला त्याची फार आठवण येते आणि त्याचा फार राग येतो, आणि यातलं आधी काय येतं ते मला सांगता येत नाही.

परवा चष्म्याला दोन वर्षं झाली. दर दोन वर्षांनी तो घरी आणून पुन्हा शिकवावा लागतो, आणि पहिल्या वेळचीच वाक्यं पुन्हा वाचायची असतात. मी यादी घेऊन बसलो. सांगली कृष्णेच्या काठी आहे. मिरजेला समुद्र आहे. वर्षभर कोणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे रेषा पुन्हा टुणकन उडाली आणि आम्ही दोघं हसलो.

पुढचं वाक्य मी बघितलं आणि थांबलो.

केतकीने यादीकडे मान वाकवून पाहिलं. मग तिने चष्मा काढला, त्याची घडी केली आणि पडद्याच्या बाजूला ठेवला.

"हे मी तशीच ऐकते," ती म्हणाली. "वाचा."

"धनंजय माझा सगळ्यात जुना मित्र आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. "आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

तिने चष्मा परत घातला. पुढचं वाक्य नळाचं होतं.